अकरा नंबर

दोनशे चौदा तबकड्या, आणि एकीवरही नाव नाही.
मधला गोल कागद बापाने ओला करून
नाण्याच्या कडेने खरवडलेला,
माशाचे खवले काढावेत तितक्या मन लावून.
कुणी खांद्यावरून डोकावलं तरी
काय वाजतंय ते कळता कामा नये.

बारांकियात तेव्हा असंच होतं.
गल्लीच्या तोंडाशी भिंतीएवढा कर्णा उभा करायचा, पिको म्हणतात त्याला.
आमच्यावर हिरवी मगर रंगवलेली,
पलीकडच्या गल्लीत आरिस्तीदेसचा, त्यावर बोकड.
दुसऱ्याकडे नाही ते गाणं ज्याच्याकडे, गर्दी त्याची.
गाणी बोटीने यायची. किन्शासा, लागोस, कुठून कुठून.
खलाशी शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणायचे.
एका तबकडीपायी बापाने
आईचं शिवणयंत्र देऊन टाकलं.
ती तबकडी लागली की आई उठून जायची.
मागच्या अंगणात जाऊन नाचायची, एकटी.

आता मी पंखा बंद करते, त्याने सुई थरथरते.
भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, जुन्या बनियनचा तुकडा.
घाम तबकडीवर टपकू नये म्हणून
कपाळाला फडकं बांधून बसते.
आधी नुसती खरखर,
तव्यावर काही पडण्याआधी तेल बोलतं तशी.
मग गिटार.
पडद्यावर गाण्याची डोंगररांग सरकत जाते
आणि संगणक कारकुनासारखा विचारतो:
शीर्षक? गायक? साल?

बापाने ठेवलेली नावं वहीत आहेत.
ओल्या चपला. डॉक्टरची बायको. मीठ दे गं मीठ.
परक्या भाषेत त्याला जे ऐकू आलं ते.
मी तेच भरते.
गायकाच्या रकान्यात काही नाही. सालाच्याही.

खरखर काढायचं एक बटण आहे.
सातव्या तबकडीला ते दाबलं
तर खरखरीबरोबर खुळखुळाही गेला.
यंत्राला तो ओरखडाच वाटला,
कुण्या माणसाने, कुठल्याशा शहरात,
गाणं संपेतो मनगट न थांबवता हलवलेला.
खुळखुळा परत आणला.
खरखरही आली मागोमाग, काय करणार.

अकरा नंबरचं नाव वहीत नाही.
तिथे नुसती रेघ.

गुरुवारी आरिस्तीदेस येतो, पिशवीत पेरू घेऊन.
एक्क्याऐंशीचा आहे, एकाच कानाने ऐकतो, तोच कान पुढे करून बसतो.
त्याने म्हणे एकदा आमच्या पत्र्यावर
एक पोरगा चढवला होता, पैसे देऊन, सबंध रात्र.
पोराला चाल पाठ झाली, नाव मिळालं नाही.
"अकरा नंबर काय होतं गं?"
दर गुरुवारी. जाताना, दारात.

आज मी सुई टेकवली आणि फोन जवळ धरला.
तीन सेकंद. फोनने नाव सांगितलं,
गायकाचं, गावाचं, साल, सगळं.
बापाने चाळीस वर्षं
आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

फोन म्हाताऱ्यासमोर धरला.
त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला,
ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.
"हं," म्हणाला.
पेरू एकेक करून टेबलावर काढून ठेवले.
"आमच्या घरी आम्ही त्याला
निकानोरचं ते, असं म्हणायचो.
बायको म्हणायची, लावलं बघ निकानोरने ते."

तिसऱ्या मिनिटाला तबकडी राखाडी झाली आहे.
तिथे बाप सुई उचलून मागे टाकायचा,
पुन्हा तोच तुकडा, पुन्हा, लोक ओरडेपर्यंत.
आता तिथे ढोल पावडर लावल्यासारखा वाजतो.
म्हाताऱ्याचा पाय मात्र तिथेच हलला,
चप्पल जमिनीवर, दोनदा.

शीर्षकाचा रकाना लुकलुकत होता.
मी लिहिलं: निकानोरचं ते.

"आता पंखा तरी लाव," तो म्हणाला, "मरायला झालंय."
लावला. सुई पुन्हा पहिल्या घळीवर ठेवली.
हात थोडा थरथरला, पंख्याने की कशाने,
आणि हे दुसरं वाजणं
मी कुठे साठवलं नाही.